वीस मुलांना मी काय दाखवलं

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि माझ्या हातून मोठा खोटेपणा झाला आहे. ज्याचं कामच खरं दाखवण्याचं, त्यानं तो करायचा नसतो. म्हणून आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझी पितळी नळी पाहून तुम्ही उगाच मला थोर समजाल.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या कारखान्यात माझ्या अंगावर काळा रंग चढला, तीन भिंगं बसली, खाली उजेड पकडायला एक गोल आरसा लागला. मग लाकडी पेटीत भुसा भरून मला रेल्वेत चढवलं आणि पुढे एसटीच्या टपावर. बेचाळीस वर्षांपूर्वी मी दारव्हा तालुक्यातल्या या गावी उतरलो, तेव्हा इथल्या शाळेला अकरावी-बारावीचे वर्ग नुकतेच जोडले होते. प्रयोगशाळेच्या भिंतींना चुन्याचा वास येत होता.

प्रयोगशाळेत वामनराव नावाचे परिचर होते. ते स्वतः नववी नापास, पण मला त्यांच्याइतकं कोणी ओळखलं नाही. मलमलीच्या फडक्यानं ते माझी काच पुसत आणि पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून पेटीत पांढऱ्या दाण्यांची पुरचुंडी ठेवत. पोरं माझ्याभोवती गर्दी करायला लागली की ते ओरडत, "अबे, हात धुवा आधी! त्याले का बैलगाडी समजले तुमी?" कापसाचा तंतू, डासाचा पाय, कांद्याचा पापुद्रा, कोणाच्या तरी गालाच्या आतली साल, सगळं मी दाखवलं. शाळेत पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना आधी माझ्यासमोर आणत, मग शाळा दाखवत. मला गर्व होता, हे कबूल करतो. शेजारच्या स्पिरिटच्या दिव्याशी मी वर्षानुवर्षं धड बोललोही नाही.

मग वामनराव निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. त्याच सुमारास मुलांनी एक नवी रीत काढली. नाव आमच्या शाळेत घालायचं आणि शिकायला यवतमाळच्या नाहीतर अमरावतीच्या क्लासला जायचं. गावात यायचं ते परीक्षेपुरतं. प्रयोगाच्या वह्या एकमेकांच्या पाहून भरल्या जात आणि गुण मिळत. मी कपाटात बसून राहिलो. पेटीतली पुरचुंडी कोणी बदलली नाही. दोन पावसाळे गेले आणि माझ्या भिंगांना आतून बुरशी लागली.

आता माझ्यातून फक्त एक करडा, धुरकट गोल दिसतो. कांदा ठेवा, डास ठेवा, नाहीतर काहीच ठेवू नका, तोच गोल.

हे मला माहीत होतं. तरीही गेल्या दोन जूनमध्ये मी जे केलं ते केलं.

आमच्याकडे दहावीचा निकाल लागला की मुलांपेक्षा सरांचीच धावपळ जास्त. अकरावीच्या तुकडीला वीस मुलं हवीत, नाहीतर तुकडी बंद आणि शिकवणारे अतिरिक्त. मग जिल्ह्यात कुठे जागा असेल तिथे त्यांनी जायचं, अगदी मारेगावच्याही पलीकडे. म्हणून गावोगावचे सर मोटरसायकलवर निघतात आणि घरोघरी मुलं मागतात. कोणी सायकल देऊ म्हणतं, कोणी बसचा पास. आमच्या गावंडे सरांकडे द्यायला काही नव्हतं. मी होतो.

गावंडे सर जीवशास्त्र शिकवतात. वय पंचावन्न, आवाज मऊ, तंबाखू सोडून दहा वर्षं झाली तरी हात अजून खिशाकडे जातो. त्यांनी मला खांद्याच्या पिशवीत घातलं आणि मोटरसायकलच्या हँडलला अडकवलं. खरं सांगू? मला आनंदच झाला. कपाटाबाहेर ऊन होतं आणि माणसं पुन्हा माझ्याकडे बघणार होती.

आमची पद्धत ठरलेली असे. अंगणात बाज टाकली जाई, पाणी येई. सर घरच्या बाईला म्हणत, "एक कांदा देजो वं." मग त्याचा पापुद्रा सोलून काचपट्टीवर ठेवत, मला भिंतीच्या सावलीत उभं करत, आरसा आभाळाकडे फिरवत आणि मुलाला म्हणत, "पाह्य, वाकून पाह्य." मूल वाकायचं, एक डोळा मिटायचं. आईबाप, आजी, शेजारची चार माणसं मुलाच्या तोंडाकडे बघत राहायची.

"दिसलं काय?"

"हो सर, दिसलं."

प्रत्येक मुलानं हेच म्हटलं. एकानंही नाही म्हटलं नाही. सरांनी स्वतः मात्र एकदाही वाकून पाहिलं नाही. माझ्याकडे ते असं बघत, जसं माणूस बंद पडलेल्या घड्याळाकडे वेळ न विचारता बघतो. मी बोलू शकत नाही, ही सबब आहे. बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो. तुकडी गेली तर माझं निर्लेखन होणार होतं. म्हणजे नोंदवहीतून नाव काढायचं आणि वस्तू भंगारात. मला अजून थोडे दिवस राहायचं होतं.

मुलानं दिसलं म्हटलं की सर शाळा सोडल्याचा अस्सल दाखला मागत. "माह्यापाशी सांभाळून ठेवीन," म्हणत. अस्सल दाखला हातातून गेला की मूल दुसरीकडे कुठे जाऊ शकत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण सर घरी आले, बाजेवर बसले, पाणी प्यायले, त्यांना नाही कसं म्हणायचं? नंतर ते मुलाला नेट कॅफेत नेत. ऑनलाइन अर्जात पसंतीच्या कॉलेजांसाठी दहा रकाने असतात. सर त्यातल्या पहिल्या रकान्यात आमचं नाव भरायला लावत आणि बाकीचे नऊ मोकळे ठेवत. सगळे दाखले माझ्या कपाटात येत. उडू नयेत म्हणून सर त्यांच्यावर माझी पेटी ठेवत.

यंदा एकोणीस दाखले झाले आणि गाडी अडली. सरांना झोप लागत नव्हती, ते त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. विसाव्या मुलासाठी आम्ही नाल्यापलीकडच्या वस्तीत गेलो.

घर कांताबाईंचं होतं. बावीस वर्षांपूर्वी त्या गावंडे सरांच्याच वर्गात होत्या, दहावीपर्यंत. सर दारात दिसताच त्या हातातली निंदणीची विळी बाजूला टाकून उभ्या राहिल्या. "जयभीम सर! तुमी आमच्या घरी? दीपा, पाणी आन, चादर टाक बाजेवर!"

दीपा म्हणजे दीपमाला. दहावीला सत्त्याहत्तर टक्के. काटक, कमी बोलणारी, समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेणारी मुलगी. तिनं पाणी आणलं आणि बाजूला उभी राहिली.

"सायन्सले टाक पोरीले, कांता," सर म्हणाले.

कांताबाई घुटमळल्या. "तिले दारव्ह्याले जाचं आहे, सर. तिथं व्होकेशनलमंदी लॅबवाला कोर्स आहे मनते. आमच्या संघदीपले सिकलसेल आहे नं. त्याले घेऊन दर महिन्याले दवाखान्यात जातो आमी. तिथंच तिनं पाह्यलं सारं, अन् तवापासून तेच धरून बसली आहे."

संघदीप तिचा धाकटा भाऊ. रक्ताच्या या आजारानं त्याचे सांधे दुखतात, कधी रात्रभर. दवाखान्यातल्या तपासणाऱ्या ताईंनी एकदा दीपमालाला त्याचं रक्त काचेतून दाखवलं होतं. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. तिला तेच काम शिकायचं होतं, आणि त्या कोर्सच्या जागा मोजक्याच होत्या.

"अवं, लॅब तर आपल्या इथंही आहे!" सर म्हणाले आणि त्यांनी मला पिशवीतून काढलं. "कांदा दे एक."

दीपमाला वाकली. तिनं डोळा लावला आणि मला कळलं की या मुलीनं माझ्यासारखं यंत्र आधी पाहिलेलं आहे. ती दुसऱ्या मुलांसारखी घाईनं उठली नाही. तिनं फिरकी हळूच पुढे घेतली, मागे घेतली, आरसा थोडा हलवला. त्या करड्या गोलात तिनं फार वेळ शोधलं. मला वाटलं, आता ही सांगणार. मला भीती वाटली आणि बरंही वाटलं.

"दिसलं काय, दीपा?"

तिनं मान वर केली. आईकडे पाहिलं. कांताबाईंचे डोळे भरून आले होते, बावीस वर्षांनी त्यांच्या अंगणात त्यांचे सर आले होते.

"हो सर," ती म्हणाली. "दिसलं."

कांताबाईंनी पेटीतून दाखला काढून सरांच्या हातात दिला आणि त्यांच्या पाया पडल्या. त्या संध्याकाळी तो दाखला माझ्या पेटीखाली गेला.

जुलैत वर्ग सुरू झाला. वीसपैकी तीन मुलं येत. बाकीची क्लासला शहरात. दीपमाला रोज नाल्यावरून चिखल तुडवत यायची आणि प्रयोगशाळेच्या कुलूप लावलेल्या दाराबाहेर थोडा वेळ उभी राहायची. नवव्या दिवशी ती शाळेत न येता दारव्ह्याला गेली. तिथल्या कॉलेजात तिला सांगितलं की काही जागा अजून आहेत, पण अस्सल दाखला हवा. अमुक तारखेच्या पाच वाजेपर्यंत.

मग ती दाखला मागायला लागली.

पहिल्या दिवशी सर म्हणाले, प्राचार्य बाहेरगावी आहेत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, कपाटाची चावी घरी राहिली. मी कपाटातच होतो आणि चावी त्यांच्या खिशात वाजत होती, ती मी ऐकली. तिसऱ्या दिवशी ते तिला समजावत बसले की सायन्स म्हणजे केवढं मोठं, पुढे डॉक्टरही होता येतं. चौथ्या दिवशी ती दार उघडायच्या आधीच ते मागच्या बाजूनं निघून गेले. ती तासभर व्हरांड्यात बसली. जाताना तिनं खिडकीच्या गजातून आत पाहिलं, थेट या कपाटाकडे.

मित्रांनो, तुम्हाला कधी असं झालं आहे का, की दुसऱ्याची वस्तू तुमच्या बुडाखाली आहे, त्याचा जीव तिच्यासाठी कासावीस होतो आहे आणि तुम्हाला उठता येत नाही? माझं वजन साडेतीन किलो. या वजनाचा मला आयुष्यभर अभिमान होता, हलकं यंत्र हलतं आणि नीट दाखवत नाही. त्या चार दिवसांत मला त्याची शिसारी आली.

शेवटच्या दिवशी दुपारी साडेतीनला ती पुन्हा आली. या वेळी कांताबाई बरोबर होत्या, शेतातून तशाच निघालेल्या, पायाला चिखल. सर प्रयोगशाळेत एकटेच बसले होते.

कांताबाई पुढे आल्या. त्या नुसत्या हात जोडून उभ्या राहिल्या. सरांना मागायचं म्हणजे काय, हे त्या शिकल्याच नव्हत्या.

"कांता, अशी नको उभी राहू," सर म्हणाले. "एकोणीस झाले तर तुकडी जाते माही. पंचावन्नचा झालो मी. घरी म्हातारी आजारी आहे. कुठं फेकतीन मले, कायले उठली तुमी माह्या जिवावर? अन् इथं काय कमी आहे? तिनं सोताच्या डोयानं पाह्यलं, तुह्या अंगणात!"

"मले काहीच नोतं दिसलं, सर," दीपमाला म्हणाली.

सर खुर्चीतून अर्धवट उठले.

"काय म्हणते?"

"दवाखान्यात पाह्यलं होतं मी. तिथं दिसते. याच्यात नुसतं धुरावानी आहे. मी लय फिरवून पाह्यलं. काहीच नाही दिसत."

"मग दिसलं काहून म्हणली?"

ती रडायला लागली, पण तिचा आवाज हलला नाही. "तुमी घरी आले होते, सर. माय पाहून राह्यली होती."

सरांनी खिशातून चावी काढली. घरी राहिलेली चावी. कपाट उघडलं, पेटी ओढली, मला खिडकीत ठेवलं. मला वाटतं, तिला खोटं पाडायचं होतं त्यांना. चष्मा कपाळावर चढवून, इतक्या वर्षांनी, ते पहिल्यांदा माझ्यावर वाकले.

मी जीव तोडून प्रयत्न केला. एक रेघ तरी दाखवावी, एक ठिपका. आरशानं सगळं आभाळ घेतलं आणि वर ढकललं. वर तोच करडा गोल. सरांनी फिरकी फिरवली. दुसरं भिंग लावलं, तिसरं लावलं. रुमालानं काच पुसली आणि पुन्हा वाकले. त्यांची पापणी माझ्या काचेला लागत होती. बुरशी आतून होती, रुमालानं जाणारी नव्हती.

"बाकीच्या पोरायले तरी...?" त्यांनी वर न बघताच विचारलं.

"कोनालेच नाही दिसलं, सर. आमी सारे बोललो एकमेकात."

यंदाच्या वीसही मुलांना माहीत होतं. सरांना तेवढं माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर दाबून धरले. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते. कांताबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

मग सर उठले. दाखल्यांचा गठ्ठा काढून त्यातला सगळ्यात वरचा तिच्या हातात दिला. मोबाइलवर शाळेचं ऑनलाइन खातं उघडलं, तिच्या नावासमोर प्रवेश रद्द करायचं बटण होतं, ते दाबलं.

"जीप गेली असन," कांताबाई पहिल्यांदा बोलल्या. "अन् दुसरी भरल्याबिगर हालत नाही."

"बस मांगं," सर दीपमालाला म्हणाले. "चाल."

उठता उठता त्यांनी सवयीनं मलाही पिशवीत टाकलं आणि हँडलला अडकवलं. दोन वर्षांत ते माझ्याशिवाय मोटरसायकलवर बसलेच नव्हते. म्हणून पुढचं मला सांगता येतं. रस्ता खड्ड्यांचा, एका ठिकाणी नाल्याचं पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत. मागे बसलेल्या मुलीनं दाखला ओढणीत गुंडाळून पोटाशी धरला होता आणि ती दर दोन मिनिटांनी वेळ विचारत होती. सर वेळ सांगत आणि गाडी आणखी पळवत.

पाचला सात मिनिटं असताना आम्ही कॉलेजात पोचलो. प्रवेशाचं टेबल तिथल्या प्रयोगशाळेतच होतं. सरांनी पिशवी टेबलाच्या कडेला ठेवली. टेबलापलीकडच्या बाईंनी दाखला पाहिला, गुणपत्रिका पाहिली, यादी काढली आणि विचारलं, "कोणता कोर्स?"

"लॅब टेक्निशियन," दीपमाला म्हणाली.

"शेवटच्या दोन जागा आहेत. बरं झालं आलीस." मग बाईंनी सरांकडे पाहिलं. "तुम्ही हिचे सर का?"

सरांनी मान हलवली. "नाही," ते म्हणाले. "गावचा आहे. सोडून द्याले आलो."

बाई अर्ज भरत होत्या. भरता भरता त्यांनी दीपमालाला खिडकीपाशी लावलेल्या यंत्राकडे पाठवलं, नव्या मुलांना त्या तसंच पाठवत असाव्यात. काचेखाली रक्ताचा नमुना होता. ती वाकली. फिरकीचा बारीक आवाज आला. मी पिशवीत होतो, काचेखालचं मला काही दिसत नव्हतं, पण दाराशी उभ्या सरांचा श्वास मला ऐकू येत होता.

"मॅडम," ती म्हणाली, वर न बघता. "हा एकच असा लांबट काहून आहे? बाकीचे तर गोल आहेत."

यंदाच्या अंगणांमधल्या वीस मुलांपैकी एकानंही मला कधी असं काही विचारलं नव्हतं. विचारणार तरी काय? बाई लेखणी ठेवून उठल्या आणि तिच्याजवळ जाऊन तिला समजावून सांगू लागल्या. सर पिशवी उचलून बाहेर आले आणि पायरीवर बसले. भर रहदारीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर ते रडले. मला मांडीवर घेऊन.

आमची तुकडी गेली. एकोणीस दाखले सर आता पुन्हा पिशवीत घालून घरोघरी परत देत फिरत आहेत आणि प्रत्येक अंगणात स्वतःच्या तोंडानं सांगत आहेत की यातून काही दिसत नव्हतं. कोणी पाणी देतं, कोणी देत नाही. कोणत्या मुलाला कुठे जागा मिळेल हे त्यांना ठाऊक नाही. मारेगावकडच्या शाळेचा आदेश त्यांच्या वरच्या खिशात आहे. माझं नाव निर्लेखनाच्या यादीत गेलं आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, जपा. माझ्यासाठी ती वेळ गेली. मला भंगारात टाका, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण पुढच्या जूनमध्ये कोणी तुमच्या अंगणात येईल, मोठं माणूस असेल, चांगलंही असेल. ते तुम्हाला काही दाखवेल, आई कौतुकानं बघत असेल आणि तुमचा दाखला पेटीत असेल. तेव्हा डोळा लावा, नीट बघा. काहीच दिसलं नाही, तर पोरांनो, मी तुमच्या पाया पडतो, तिथेच सांगा.

ते ऐकून सरांना वाईट वाटलं असतं. पण जूनमध्ये वाटलं असतं, आणि बाकीच्या एकोणीस मुलांसाठी दुसरीकडे जागा तेव्हा शिल्लक होत्या.